रणवैद्या मरते तेव्हा

सकाळी साडेसातला साताऱ्याहून क्रांतीताईंचा फोन आला, तेव्हा पायल मिरजेच्या खोलीवर पंचांच्या काळ्या शर्टाला इस्त्री करत होती.

"पायल, लेकाला ताप आलाय गं. रात्रभर जागीच आहे. मी काही सांगलीला येत नाही. आज मुख्य पंच तूच."

"ताई, मी? फायनलला पण?"

"फायनलला पण. नियम तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत."

ताईंनी फोन ठेवला. इस्त्री शर्टावरच राहिली होती, ती पायलनं घाईनं उचलली. नियम पाठ होते, त्यात खोटं काही नव्हतं. पण तिला नियमांची भीती कधी वाटलीच नव्हती. नियम वाचून दाखवल्यावर समोरचा माणूस काय करेल, याची वाटायची.

हे लहानपणापासूनचं होतं. जतला त्यांच्या वस्तीवर टँकर यायचा, तेव्हा गुरुजींनी नंबरांची यादी हिच्या हातात दिली होती, कारण हिचं वाचन स्वच्छ. तेव्हा ती दहा वर्षांची होती. एका दांडग्या गड्याचा नंबर तिनं यादीत होता तिथंच, म्हणजे मागं, वाचला. त्यानं रिकामी घागर भिरकावली ती हिच्या भुवईवर बसली. तीन टाके पडले. तेव्हापासून कुणी आवाज चढवला की तिच्या तोंडाला कोरड पडायची आणि पोटात काहीतरी खाली खाली जायचं. आता ती सत्तावीस वर्षांची होती, एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासत होती, स्वतःच्या पगारावर राहत होती. तरी ते जात नव्हतं.

मग पंच कशाला झाली, असं तिला आईनंही विचारलं होतं. ती म्हणाली होती, "खेळ आवडतो म्हणून." गडझुंज तिला खरंच आवडायचा. पत्त्यांचाच खेळ, पण रमीसारखा नव्हे. इथं प्रत्येक कार्डावर वेगळं चित्र, वेगळं नाव आणि खाली दोन-तीन ओळींचा मजकूर. पाकिटं घ्यायची, त्यातून निघतील ती कार्डं जमवायची, मित्रांशी अदलाबदल करायची आणि आपला चाळीस कार्डांचा संच बांधायचा. प्रत्येकाच्या गडाला वीस बुरूज. समोरच्याचे सगळे पाडले की डाव जिंकला. भांडणं होतात ती त्या खालच्या दोन-तीन ओळींवरून. एक कार्ड एक सांगतं, दुसरं त्याच्या उलट सांगतं, आणि दोन्ही एकमेकांसमोर आली की काय होतं, हे पंचानं ठरवायचं. लॅबमधल्या कामासारखंच. नीट बघितलं की उत्तर असतंच, असं तिला वाटायचं.

मार्केट यार्डाजवळच्या हॉलमध्ये ती नऊ वाजता पोचली. खालच्या गोदामातून हळदीचा उग्र वास जिन्यापर्यंत येत होता. खेळण्यांच्या दुकानाचे मालक भाऊसो स्पर्धा भरवत होते. ते टेबलांवर हिरवं कापड अंथरत होते. चौसष्ट खेळाडू होते. जिंकणारा एकच पुण्याच्या राज्य फेरीला जाणार होता.

दुपारपर्यंत सगळं सुरळीत गेलं. तिला अकरा वेळा बोलावणं आलं आणि अकराही वेळा तिनं दोन वाक्यांत उत्तर दिलं. साडेतीनला फायनल लागली, तेव्हा ती थोडी सैलावली होती.

फायनलला एका बाजूला सुकुमार पाटील होते. समडोळीचे, वय पंचेचाळीसच्या आसपास, घरची शेती. चष्मा, पांढरा शर्ट, खिशाला पेन. दिवसभरात त्यांनी एकदाही पंचाला बोलावलं नव्हतं. दुसऱ्या बाजूला तासगावकडचा राजवर्धन. तिशीचा, आडदांड, आवाज असा की पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून बघायची. त्याच्यासोबत चार मित्र आले होते. ते खुर्च्या सोडून त्याच्या पाठीमागं उभे राहिले.

पहिला डाव सुकुमारनी घेतला, दुसरा राजवर्धननं. तिसऱ्यात दोघंही टोकाला आले. सुकुमारचे चार बुरूज उरले होते, राजवर्धनचे दोन. सुकुमारचे पाच सैनिक मैदानात होते, त्यात एक रणवैद्या. पुढच्या खेळीत ते जिंकणार, हे बघणाऱ्यांनाही दिसत होतं. तेवढ्यात राजवर्धननं हातातलं शेवटचं कार्ड टेबलावर आपटलं. तोफांचा मारा.

"संपला विषय!" तो ओरडला.

कार्डावर लिहिलं होतं: मैदानातले सगळे सैनिक मरतात. समोरच्याचे जितके सैनिक मेले, तितके त्याचे बुरूज ढासळतात.

सुकुमारनी शांतपणे रणवैद्येवर बोट ठेवलं. "हिच्यामुळं माझं कुणी मरत न्हाई. सगळे हातात परत येतात."

"आवं, वैद्यच मेली तर वाचवणार कोण? तीबी मरतीयाच की!" राजवर्धननं मान वळवली. "पंच! ओ पंच मॅडम!"

पायल दोन पावलांवरच होती. ती आली आणि तिनं रणवैद्येचं कार्ड उचललं. पहिल्या छपाईचं, कडा झिजलेलं. त्यावर होतं: तुमचा सैनिक मेला की तो हातात परत घ्या.

"तोफांचा मारा सगळ्यांवर एकदम होतो," ती म्हणाली. "त्या क्षणी वैद्या मैदानात असतेच. त्यामुळं ती मरत असली तरी तिचा गुण लागू होतो."

"आँ?" राजवर्धन उभा राहिला. खुर्ची मागं सरकून मित्राच्या पायाला लागली. "मग कार्डावर काय लिवलंय ते वाचा की! मोठ्यानं वाचा! मेला की. मेला की म्हंजे आदी मेला, मग हातात आला. मेला का न्हाई?"

मागचे चौघं एकदम बोलू लागले. "मेलाच की." "पाच मेले, चार बुरूज गेले." "मॅडम, मराठी येतंय न्हवं?"

पायलच्या तोंडाला कोरड पडली. या कार्डाबद्दल काहीतरी होतं. कुठंतरी वाचलेलं होतं, उन्हाळ्यात, खेळ काढणाऱ्या कंपनीच्या दुरुस्त्यांच्या यादीत. तिचा हात खिशातल्या फोनकडं गेला.

"फोनमध्ये काय बघताय? कार्ड समोर हाय!" राजवर्धन टेबलावरून पुढं वाकला. त्याच्या मानेची शीर तिला दिसत होती. हात खिशावरून परत आला. डोळ्यांसमोर फक्त तो शब्द उरला, मेला.

"मजकुराप्रमाणं सैनिक आधी मरतात, नंतर परत येतात," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "म्हणजे पाच मेले. बुरूज ढासळले."

मित्रांनी राजवर्धनला उचललं. सुकुमारनी चष्म्यावरून एकदा पायलकडं पाहिलं. मग ते कार्डं गोळा करायला लागले.

ती जिन्यावर आली, कठड्याला धरून उभी राहिली आणि तिनं फोन उघडला. दुरुस्त्यांची यादी सापडायला अर्धा मिनिटही लागलं नाही. रणवैद्या: नव्या छपाईतला मजकूर असा वाचावा. तुमचा सैनिक मरणार असेल, तर तो मरण्याऐवजी हातात परत येतो. आणि खाली ठळक अक्षरात, की नवा मजकूर जुन्या कार्डांनाही लागू.

मरण्याऐवजी. म्हणजे कुणीच मेलं नव्हतं. एकही बुरूज पडला नव्हता. सुकुमार जिंकत आले होते आणि तिनं त्यांना हरवलं होतं.

खालून हमालांचे आवाज येत होते. हे फक्त आपल्यालाच कळलंय, असं तिला वाटलं. वर आत हशा चालू होता. गप्प बसलं तर काहीच होणार नाही. सात-आठ मिनिटांत गाडीला किल्ली मारून मिरजेची वाट धरता येईल. बोललं तर ते पाच जण, तो आवाज, ती मानेची शीर. तिनं हे सगळं स्वतःशी अगदी नीट पाहिलं, आणि तिला आणखी एका गोष्टीनं धडकी भरली. मघाशी यादी आठवत असताना आपण फोन का काढला नाही, याचं उत्तर तिला ठाऊक होतं.

ती आत आली तेव्हा निकालाची चिठ्ठी सुकुमारच्या पुढ्यात होती. राजवर्धनची सही झाली होती. सुकुमारनी खिशातलं पेन काढून टोपण उघडलं होतं. दोन्ही सह्या झाल्या की निकाल पक्का, मग मुख्य पंचालाही तो बदलता येत नाही. पायल धावलीच. तिनं चिठ्ठीवर पालथा पंजा ठेवला.

"थांबा. सही करू नका. माझा निर्णय चुकला."

मग राजवर्धन म्हणाला, "काय?"

तिनं सांगितलं. नवा मजकूर वाचून दाखवला. वाचताना दोनदा शब्द अडखळले. तो ऐकत होता तोवर ठीक होतं. ऐकून झाल्यावर त्यानं टेबलावर हात मारला. कार्डांची चवड कोसळली, काही फरशीवर गेली.

"मगाशी एक, आता एक! तुमची जीभ हाय का काय हाय? जिन्यात कुणी शिकवलं तुमाला?"

"कुणी नाही. मीच बघितलं."

"मंग मगाशी का न्हाई बघितलं?"

एक मित्र दाराशी जाऊन उभा राहिला. दुसऱ्यानं फोन वर करून तिचा व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. भाऊसोंनी तिच्या कोपराला धरून बाजूला घेतलं.

"मॅडम, जाऊ द्या की. निकाल लागलाय. सुकुमारअण्णा काय भांडायचं न्हाईत. ही पोरं मातर लय तापट हायत, उद्या माझ्या दुकानावर आली तर?"

भाऊसोही घाबरलेत, हे त्यांच्या हातावरून कळत होतं. त्यानं तिची भीती कमी झाली नाही, उलट दुप्पट झाली. तरी ती टेबलाकडं परत गेली. यादी उघडलेला फोन तिच्या हातात तसाच होता.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "तुमची नाही आणि त्यांचीही नाही. कार्डं जशी होती तशी मांडता आली असती तर मांडली असती. ती मिसळली. म्हणून नियम असा आहे, की तिसरा डाव पहिल्यापासून पुन्हा."

"आणि मी न्हाई खेळलो तर?"

"तर निकाल त्यांच्या बाजूनं द्यावा लागेल." हे वाक्य कसं निघालं, तिला नंतरही आठवेना.

राजवर्धननं तिच्या हातातून फोन ओढून घेतला. ती यादी त्यानं स्वतः वाचली. अंगठ्यानं खाली सरकवली, वर आणली, पुन्हा वाचली. मग फोन टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून बसला. "लावा डाव."

डाव पाऊण तास चालला. व्हिडिओ घेणारा पायलच्या इतक्या जवळ उभा होता की त्याचा श्वास तिच्या मानेवर येत होता. मागं सर म्हणायला तिची जीभ रेटली नाही. सुकुमारनी या वेळी वेढा घातला. वेढ्याच्या कार्डावर होतं: वेढा असेपर्यंत शत्रूला नवा सैनिक आणता येत नाही. राजवर्धनचं मैदान रिकामं होतं. चार-पाच खेळ्या तो नुसताच पत्ते घेत राहिला. मग त्यानं चोरवाटेचं कार्ड टाकलं. त्यावर होतं: एक मेलेला सैनिक मैदानात उभा करा. आणि त्यानं मेलेल्यांतला आपला सगळ्यात मोठा सैनिक, सरदार, मैदानात उभा केला.

सुकुमारनी हात वर केला. दिवसातला पहिलाच. "मॅडम, वेढा हाय. आणता येत न्हाई न्हवं?"

सगळे तिच्याकडं बघू लागले. राजवर्धन काहीच बोलला नाही, नुसता बघत राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

पायलनं या वेळी फोन काढला. "मला तीन मिनिटं द्या," ती म्हणाली. नियम तिला आठवत होता. खेळात 'आणणे' या शब्दाचा अर्थ ठरलेला आहे: हातातलं कार्ड त्याची किंमत मोजून मैदानात ठेवणं. 'उभा करणे' म्हणजे ते नव्हे. वेढा 'आणणे' अडवतो, 'उभा करणे' अडवत नाही. म्हणजे राजवर्धन बरोबर होता.

पण हे असं सांगितलं म्हणजे काय होणार, ते तिला दिसत होतं. मघाशी चुकून ज्याला हरवलं, त्याच माणसाच्या विरुद्ध पुन्हा निर्णय. सगळा हॉल म्हणणार, बाई भ्याली. आणि ती खरंच भ्याली होती. मग हा निर्णय नियमाचा, की भीतीचा? तिनं फोनवर नियमांची पुस्तिका उघडली, शब्दांच्या अर्थाचं पान काढलं, दोन्ही व्याख्या दोनदा वाचल्या. मग मनातल्या मनात कार्डं उलटी केली. वेढा राजवर्धनचा, चोरवाट सुकुमारांची. उत्तर तेच येत होतं. पुन्हा करून पाहिलं. तेच.

"चोरवाट चालते," ती म्हणाली. "सरदार मैदानात उभा राहील." पान तिनं सुकुमारच्या पुढं धरलं. त्यांनी बोटानं ओळ वाचली आणि मान हलवली.

"बराबर हाय."

त्या सरदारानं तीन खेळ्यांत डाव संपवला. राजवर्धन जिंकला. दोघांनी सह्या केल्या. पोरं आरडाओरडा करत जिना उतरली. खाली गाड्यांचे हॉर्न वाजले, कुणीतरी "पंचबाईंचा विजय असो" म्हणून ओरडलं आणि बाकीचे हसले. राजवर्धननं जाताना तिच्याकडं बघितलंच नाही. हॉर्न यार्डाच्या फाटकापलीकडं जाईपर्यंत पायल खिडकीपासून हलली नाही.

भाऊसोंनी चहा मागवला. सुकुमार समोरच्या खुर्चीवर येऊन बसले.

"काका, माफ करा," ती म्हणाली. "मघाशी तुम्ही जिंकत होता."

"व्हय, जिंकत हुतो."

"यादी मी आधीच बघायला हवी होती. नवा मजकूर..."

"मला ठावं हुता."

तिला वाटलं, तिनं चुकीचं ऐकलं. "काय ठाऊक होतं?"

"मरण्याऐवजी. नवा मजकूर. जूनमध्येच वाचला हुता मी. चंदनबालानं, माझ्या मुलीनं, दाखवला."

"मग बोलला का नाही?"

सुकुमारनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत राहिले. "तुमच्या तोंडाकडं बघितलं. पांढरंफटक पडलं हुतं. म्हटलं, मी आनिक बोललो तर ही लेक इथंच पडंल. पत्त्यांचा तर खेळ हाय. सोडून दिलं."

ते चांगल्या मनानं बोलत होते, आणि तेच तिला झेपेना. राजवर्धनच्या ओरडण्यानं आलं नव्हतं ते पाणी आता तिच्या डोळ्यांत आलं. इतकी वर्षं तिला वाटायचं की भीती आपल्या पोटात असते, तिचा त्रास आपला आपल्यालाच. ती समोरच्याला इतकी स्पष्ट दिसते आणि त्यापायी एखादा माणूस आपला हक्क गुपचूप सोडून देतो, हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं.

"काका, पुन्हा असं करू नका," ती म्हणाली. "मी कितीही घाबरले तरी बोला. मला चक्कर आली तर येऊ दे. पाणी मारा, पण बोला."

सुकुमारनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "बरं," म्हणाले. "बोलंन."

घरी गेल्यावर तिनं कंपनीला अहवाल लिहिला. चुकीचा निर्णय, त्याची दुरुस्ती, दुसरा निर्णय, सगळं. 'यादी तपासली नाही' असं लिहून ती थांबली, मग पुढं लिहिलं: 'तपासावी असं वाटत असताना तपासली नाही, कारण खेळाडू ओरडत होता आणि मी घाबरले.' क्रांतीताईंनी तो वाचून फोन केला. लेकाचा ताप उतरला होता. "शेवटची ओळ काढून टाक," त्या म्हणाल्या. "कंपनीला काय करायचंय त्याच्याशी?" पायलनं ती काढली नाही. कंपनीनं तिला सहा महिने मुख्य पंच होऊ नये असं कळवलं. सहायक म्हणून चालेल, असंही.

जानेवारीत आटपाडीला छोटी स्पर्धा झाली. क्रांतीताई मुख्य पंच होत्या, पायल सहायक; सहायकाचा निर्णय पटला नाही, तर खेळाडूला मुख्य पंचाकडं दाद मागता यायची. हॉलमध्ये शिरताना तिनं आधी राजवर्धन आलाय का ते पाहिलं. आला होता, भिंतीकडच्या टेबलावर. दुसऱ्या फेरीत त्याच टेबलावरून हाक आली आणि ती गेली. त्यानं दोन कार्डं पुढं सरकवली. "ह्याचं काय हुतंय?" एवढंच म्हणाला. आवाज तसाच मोठा होता. तिनं सांगितलं. त्याला ते आवडलं नाही हे दिसलं, पण तो खेळत राहिला.

तिसऱ्या फेरीत सुकुमारांच्या टेबलावर तिनं एक निर्णय दिला. त्यांनी ऐकून घेतला आणि मग चांगला खणखणीत आवाज काढून, आजूबाजूची चार टेबलं वळतील असं म्हणाले, "मॅडम, मला हे पटत न्हाई. ताईंना बोलवा."

पायलचे कान तापले. तिनं सुकुमारांकडं पाहिलं; त्यांनी नजर हटवली नाही.

"बोलावते," ती म्हणाली, आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या क्रांतीताईंना तिनं हात केला.